पहिल्या हाकेला ओ

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की गाव संपतं तिथं उजव्या हाताला न्यासाचा दवाखाना होता. तीस खाटा, एक जीप आणि मागं औषधांच्या गोदामाला चिकटून एक लहानशी खोली. त्या खोलीत कूलर होता, त्यामुळे मे महिन्यात अख्ख्या दवाखान्याचा तिच्यावर डोळा असायचा. कूलर माणसांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. पण देवाबरोबर पुजाऱ्यालाही नैवेद्य मिळतो, तसा यंत्रांची राखण करणाऱ्या जाहिदलाही गार वारा मिळायचा.

जाहिद वडशाचा. बाप लियाकत रेडिओ दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात नाटकवाल्यांचे भोंगे बांधायचा. पोरगा नागपुरात कॉम्प्युटर शिकून आला आणि न्यासात चिकटला. बापाकडून त्यानं एक गोष्ट पक्की उचलली होती. यंत्र बिघडलं की कुठंतरी तार सुटलेली असते, आणि शोधली की ती सापडते. बाकी भूतखेत, नजर, उतारे यांची तो टिंगल करायचा, आणि ऐकणारा चिडला की त्याला आणखी चेव यायचा.

काम असं होतं. आत जंगलात न्यासाची बारा उपकेंद्रं होती. प्रत्येक ठिकाणी एक नर्स, एक कॉम्प्युटर आणि कौलांवर सिग्नल पकडणारी एक छत्री. हिवतापाचे रक्तनमुने, औषधांचा साठा, जीपची मागणी, यांची अ‍ॅप्लिकेशनं त्या त्या केंद्रावरच चालायची. पण ती बघायची तर जाहिदच्या खोलीतल्या एका यंत्रातून जावं लागे. कोणतं अ‍ॅप्लिकेशन कुठं आहे, कोणाला त्यात शिरू द्यायचं, हे त्या एका यंत्राला ठाऊक. जाहिद त्याला प्रॉक्सी म्हणायचा. वॉर्डातली जुनी आया गुणाबाई रोज खोलीत झाडू मारायला यायची. तिनं एकदा सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे दार आहे हे. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंसकट सगळे त्याला दारच म्हणू लागले.

दाराला एक खोड होती. नवं अ‍ॅप्लिकेशन जोडायचं तर यादीत हातानं नाव लिहायचं आणि दार बंद करून पुन्हा सुरू करायचं. त्याला लागायचं एक मिनिट. पण तेवढ्यात बाराही केंद्रं तुटायची, आणि पावसाळ्यात ती पुन्हा जोडली जायला अर्धा अर्धा तास जायचा.

२००७ च्या जुलैत एका संध्याकाळी जाहिदनं औषधसाठ्याचं नवं अ‍ॅप्लिकेशन जोडलं आणि दार बंद करून सुरू केलं. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. नेमक्या त्याच मिनिटाला इरुकमेटा केंद्रावरून रंजीता नर्सनं जीपची मागणी पाठवली. पेशंट सोमारी, बाळंतपण अडलं आहे, गाडी लवकर पाठवा. मागणी आली तेव्हा दार नव्हतं, त्यामुळे ती कुठंच पोचली नाही. रंजीताला वाटलं पोचली. इकडे जीप डिझेल भरून उभी होती आणि ड्रायव्हर वारलू तिच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. साडेसातपर्यंत इरुकमेटानं वाट पाहिली. मग चार जणांनी सोमारीला खाटेवर घातलं, खाट खांद्यावर घेतली आणि पावसात चालायला लागले. ती वाटेतच गेली. बाळही गेलं.

जाहिदला कोणी काही बोललं नाही. कागदावर तांत्रिक अडचण असं लिहिलं गेलं. इरुकमेटाचं केंद्र बंद झालं, रंजीताची झारवंडीला नव्यानं उघडलेल्या केंद्रावर बदली झाली, आणि तिथला कॉम्प्युटर गोणपाटात बांधून जाहिदच्या कपाटात आला. कागदावर मिटलं तरी मनात मिटत नाही. पुढं कित्येक दिवस पावणेसातच्या सुमाराला जाहिदचे हात गार पडायचे आणि हातातला चहा तसाच निवायचा. त्यानं स्वतःशी एक ठरवून टाकलं, की हे दार पुन्हा कधी बंद करायचं नाही.

हिवाळ्यात त्यानं दार नव्यानं बांधलं. आता यादी हातानं लिहायची गरज उरली नाही. अ‍ॅप्लिकेशननं स्वतः दाराशी यायचं, हाक मारायची, नाव-गाव सांगायचं, आणि दारानं चालता चालता त्याला यादीत घ्यायचं. मग दर अर्ध्या मिनिटाला दार यादीतल्या प्रत्येकाला हाक मारून विचारणार, आहेस का? ओ आली तर नाव राहिलं. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही तर नाव कापलं.

कापलं म्हणजे तो मेला असं समजायचं, हे जाहिदनं गुणाबाईला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं झाडू थांबवला. "जित्या वस्तूले असं म्हनू नाई, जाहिदभाऊ," ती म्हणाली.

आत घेतानाही त्यानं तीनच हाकांचा नियम ठेवला होता, आणि तो आला होता त्याच्या आईकडून. रहमतबी लहानपणी पोरांना बजावायची, की तिन्हीसांजेला बाहेरून कोणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि ओ मिळाली की त्याचं काम झालं. झाडीत हा नियम सगळ्या घरांत होता, नमाज पढणाऱ्या आणि पेन, म्हणजे गोंडांचे देव, पुजणाऱ्याही. जाहिद आईला हसायचा, पण नियम त्याला कामाचा वाटला. चुकून आलेला आवाज एकदा येतो, खरं अ‍ॅप्लिकेशन तीनदा येतं. हिवाळा आणि उन्हाळा दार असं चाललं की पाहत राहावं.

पुढच्या जूनमध्ये मृग कोरडा गेला आणि आर्द्रांनी झोडपायला सुरुवात केली. झारवंडी सगळ्यांत लांब, डोंगराच्या कुशीत. तिथली जोडणी दिवसातून वीसदा तुटायची, आणि पुन्हा यादीत यायचं तर लागोपाठ तीन हाका पोचायला हव्यात. दोन पोचायच्या, तिसरी पावसात विरायची. रंजीतानं फोन चालू होता तोवर दोनदा तक्रार केली. तिसऱ्या वेळी तिनं तक्रार केली नाही, नुसतं विचारलं, की मागच्यासारखं तर होणार नाही ना?

त्या दुपारी जाहिदनं तीनचा एक केला. दार बंद न करता, चालता चालता. वारलू तिथंच चहा पीत बसला होता. पन्नाशीचा, गोंड, इरुकमेटाच्या पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. काय केलं म्हणून त्यानं विचारलं आणि जाहिदनं सांगितलं. वारलूनं बशी खाली ठेवली.

"पयल्या हाकेले ओ देऊन राह्यले तुमी," तो म्हणाला. "आनं ते बी पावसायात."

जाहिद हसला. तो सोमवार होता.

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गाडीच्या मागण्यांच्या यादीत, बारा केंद्रांच्या खाली, तेरावं नाव आलं. इरुकमेटा, गाडीची मागणी.

जाहिदनं आधी तार शोधली, म्हणजे बापाचा धडा गिरवला. कपाट उघडलं. इरुकमेटाचा कॉम्प्युटर गोणपाटात होता, सुतळीची गाठ त्यानंच मारलेली तशीच होती. सोडून पाहिलं तर आत पालीची दोन अंडी आणि वारुळाची माती. ना वीज, ना वायर. तो परत येऊन बसला आणि नावावर टिचकी मारली. पान उघडलं.

पेशंट: सोमारी. ठिकाण: इरुकमेटा. गाडी सुटली: नाही.

जुनं काहीतरी अडकून राहिलं असेल, आता सुटून वर आलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. नाव पुसलं. हात गार पडले होते, ते त्यानं कूलरवर ढकललं. कूलर पंधरा दिवसांपासून बंद होता.

मंगळवारी त्याच मिनिटाला नाव पुन्हा आलं. पेशंट तीच. ठिकाण मात्र बदललं होतं: जोडमोह. असं गाव जाहिदनं ऐकलं नव्हतं. नकाशात पाहिलं, नव्हतं. बुधवारी ठिकाण होतं नाल्याचा खडक.

त्यानं दाराची नोंदवही तपासली. दाराशी कोण कधी आलं हे तिच्यात उतरलेलं असतं. बाकीची अ‍ॅप्लिकेशनं नाव लागेपर्यंत पोराटोरांसारखी पुन्हा पुन्हा हाका मारायची. इरुकमेटाची हाक रोज एकच होती. सहा चाळीसला एकदा, आणि पुढं गप्प. त्यानंतर दार दर अर्ध्या मिनिटाला तिला विचारत होतं, आहेस का? आणि दर वेळी न चुकता ओ येत होती. भर पावसात, एकही न चुकता. असं तर बारातलं एकही केंद्र ओ देत नव्हतं.

आता जाहिद घाबरला, आणि घाबरलोय हे त्याला कळलंही. त्यानं वारलूला बोलावून ती तीन ठिकाणं दाखवली. वारलूला वाचता यायचं जेमतेम. त्यानं एकेक अक्षर लावून वाचलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"हे गावाईचे नावं नाई, जाहिदभाऊ. खाट टेकवाच्या जागा होय ह्या. मानूस खांद्यावर रायते तवा इथी इथी खाट टेकवतेत, खांदा बदलतेत. खांदेकऱ्याले मालूम रायते, दुसऱ्या कोनाले नाई. तुमाले कोनं सांगतलं?"

जाहिदनं पडद्यावरच्या पेशंटच्या नावावर बोट ठेवलं. इरुकमेटापासून दवाखान्यापर्यंत अशा सात जागा आहेत, तो म्हणाला. निघायची जागा धरून सात. सोमारी तिसरीवर गेली, नाल्याच्या खडकावर. तिथून तिला परत नेलं, त्यापुढं कोणी आणलंच नाही. चौथी बेहड्याचा पार, पाचवी पाथरगोटा, सहावी फाटा.

"आनं सातवी?" जाहिदनं विचारलं.

वारलूनं खिडकीतून बोट केलं. अंगणापलीकडं दवाखान्याचं लोखंडी फाटक पावसात भिजत उभं होतं.

गुरुवारी ठिकाण आलं बेहड्याचा पार. शुक्रवारी सकाळी वारलू लशीचे डबे पोचवायला त्याच वाटेनं गेला, आणि दुपारी परतल्यावर जीप धुवायची सोडून सरळ खोलीत आला. बेहड्याखाली ओल्या मातीत खाटेच्या चार पायांचे चार खळगे होते, चांगले वीतभर खोल, म्हणजे खाटेवर वजन होतं. सभोवती चिखल गुळगुळीत होता. एकाही पावलाचा ठसा नव्हता. हे सांगून झाल्यावर तो गेला नाही, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. सोमारी गेली त्या दिवशी मी इथंच होतो, तो म्हणाला, गाडीपाशी. तिनं हाक मारली असती तर मला ऐकू आली असती.

जाहिदनं त्याच्यासमोरच नाव पुसलं आणि एकाचे पुन्हा तीन केले. जे एकदाच हाक मारतं त्याला आता दार आत घेणार नव्हतं. आईला हसणारा पोरगा आईचाच पदर धरून बसला होता, आणि त्याची त्याला लाजही वाटेना.

शुक्रवारी सहा चाळीसला काही आलं नाही. शनिवारीही नाही. जाहिद पहिल्यांदा पोटभर जेवला. नोंदवहीत डोकावून बघितलं असतं तर परत पाठवलेली एकेक हाक तिथं दिसली असती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं डोकावलं नाही.

रविवारी पावसानं दुपारपासून आभाळ खाली आणलं. चारला फोन मेले. पाचला यादीतली नावं गळायला लागली, सहापर्यंत सात उरली. एकेक करून चार परत आली पण झारवंडी आली नाही. अकराच राहिली. जाहिदनं आता मात्र नोंदवही उघडली.

झारवंडी दाराशी येत होती. दोन हाका, मग तुटलेली. पुन्हा एक हाक, तुटलेली. पुन्हा दोन. पुन्हा दोन. तासभर चाललं होतं. तीन काही होत नव्हत्या, आणि दार नियमाप्रमाणे तिला परत पाठवत होतं.

कदाचित जोडणी नुसतीच स्वतःची स्वतः धडपडत असेल. तशी ती रोज धडपडायची. कदाचित रंजीताकडं सगळं ठीक असेल आणि ती कंदील लावून बसली असेल. आणि कदाचित तिच्यासमोर खाटेवर कोणी असेल. आत घेतल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. जीप एकच होती, आणि झारवंडी दोन तासांवर. नुसत्या संशयावर वारलूला नाले ओलांडायला पाठवायचं, तर तेवढ्यात दुसऱ्या केंद्राची खरी मागणी आली तर?

घड्याळात सहा सदतीस झाले होते.

झारवंडीला आत घ्यायचं तर तीनचा एक करायचा. एक केला की सहा चाळीसला दुसरीही येणार. जाहिद खुर्चीत बसून होता आणि त्याला रडू येत होतं. एक वर्ष त्यानं या एका गोष्टीसाठी घालवलं होतं, की आत येऊ पाहणारा बाहेर राहू नये.

सहा एकोणचाळीस.

त्यानं एक केला.

झारवंडी लगेच आत आली. पान उघडलं. पेशंट: सुकरी. बाळंतपण, रक्त जात आहे. ठिकाण: झारवंडी. गाडी सुटली: नाही.

त्याच्या खाली, तो वाचत असतानाच, दुसरी ओळ आली.

पेशंट: सोमारी. ठिकाण: फाटक. गाडी सुटली: नाही.

दोन दिवस ती यादीत नव्हती. चालणं मात्र थांबलं नव्हतं.

जाहिदनं खिडकीकडं पाहायचं टाळलं. तो व्हरांड्यातून धावत गेला, वारलूला झारवंडीचं सांगितलं. वारलू आधीच जीपमध्ये होता, इंजिन सुरू करून.

"फाटकावर कोनी हाय का?" त्यानं विचारलं.

जाहिदला खोटं बोलता आलं नाही. त्यानं होकारार्थी मान हलवली.

वारलूनं विडी विझवून कानावर ठेवली. "मंग थांबा लागन," एवढंच तो म्हणाला.

खोलीत परतल्यावर जाहिदला खिडकीतून सगळं दिसलं. जीप फाटकापाशी गेली आणि उभी राहिली. वारलू उतरला. पावसात भिजत मागं गेला, मागचं दार उघडून बाजूला झाला, आणि पाहुण्याच्या वाटेतून हटावं तसा मान खाली घालून उभा राहिला.

अर्ध्या मिनिटानं त्यानं दार लावलं. लावण्याआधी जीपचा मागचा भाग चार बोटं खाली बसलेला जाहिदनं पाहिला.

मग जीप गेली.

जाहिदनं सुकरीच्या ओळीत 'होय' भरलं. एकाच ओळीत भरलं. दोन्ही ओळींत 'होय' उमटलं.

सुकरी वाचली. पोटचं पोरही वाचलं, मुलगी झाली. सकाळी पाऊस उघडून ऊन पडलं होतं, आणि अंगणात वाफ निघत होती. जाहिद वॉर्डात गेला तेव्हा डॉक्टरीणबाई दमून खुर्चीतच झोपल्या होत्या. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं त्या लालबुंद पोरीच्या तळपायाला बोट लावून पाहिलं. वर्षभराचं काहीतरी फिटलं असं त्याला वाटलं. तसं वाटायला हरकत नव्हती.

गुणाबाई शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर काढत होती. चादर ओली होती, गादीपर्यंत. ती चादर हातात धरूनच ती म्हणाली, "जाहिदभाऊ, गाडीतून दोन बाया उतरल्या. मी दोन खाटा घातल्या. हे दुसरी सकाळीच उठून कुठी गेली?"

वारलू वॉर्डाच्या दाराशी बसला होता. एकच आणली, तो म्हणाला, आणि उठून अंगणात गेला. मग सुकरी बोलली, पडल्या पडल्या, अगदी हळू. रस्ताभर एक बाई तिच्याजवळ बसून होती. तिला वाटलं रंजीता नर्स, पण नर्स तर केंद्रावरच राहिली.

"तिचा हात लई थंडा होता," सुकरी म्हणाली. "पन सोडला नाई."

जाहिद खोलीत आला. आता भीती अशी नव्हती. सोमारीनं कोणाचं वाईट केलं नव्हतं, उलट धीर दिला होता. हवी होती ती गाडी तिला मिळाली. आता नाव पुसायचं, तीनचा नियम लावायचा, दुपारी वडशाची गाडी पकडून आईला भेटून यायचं.

यादीत तेरा नावं होती. त्यानं तेराव्याचं पान उघडलं.

पेशंट: सोमारी. ठिकाण: आत. गाडी: नको.

त्यानं नाव पुसलं. एकाचे तीन केले. यादी बारावर आली. त्यानं श्वास सोडला आणि नोंदवहीतली शेवटची नोंद तपासायला पुढं वाकला.

"जाहिदभाऊ."

व्हरांड्यातून, अगदी साध्या आवाजात, बाईमाणसाची हाक.

"ओ," तो म्हणाला. डोळे पडद्यावरच होते.

कोणी आत आलं नाही. दुसरी हाकही आली नाही. त्यानं मान वळवली. खोलीला आतून कडी होती, ती त्यानंच घातली होती. खिडकीतून अंगण दिसत होतं, आणि अंगणात गुणाबाई ती चादर दोरीवर टाकत होती. तिच्यापाशी वारलू उभा होता. बाकी अंगण मोकळं होतं.

भिंतीवरचं घड्याळ नऊ वाजून दोन मिनिटं दाखवत होतं. सेकंदकाटा बारावर होता. जाहिद त्याच्याकडं बघत राहिला. काटा सहावर आला.

"जाहिदभाऊ."

तोच आवाज, तितकाच साधा. जवळ नाही, लांब नाही. आहेस का, असं विचारावं तसा.

पहिली हाक त्याचं नाव तिच्या यादीत घ्यायला होती, हे त्याला आत्ता उमगलं. ही नंतरची होती. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ओ दिली तर नाव यादीत राहणार होतं. नाही दिली तर कापलं जाणार होतं, आणि कापलेल्याला काय समजायचं ते त्यानंच ठरवून ठेवलं होतं. आई म्हणायची, तिसऱ्या हाकेला ओ द्यावी, तिसरी हाक माणसाची असते.

काटा बारावर आला.

"जाहिदभाऊ."

बाहेर गुणाबाईनं चादर झटकली. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

या दोन झाल्या. तिसरीला अजून अर्धं मिनिट होतं.